कोरडा पहारा

वरोरच्या मारुतीच्या देवळात सप्ताह बसला की दुपारी बारा ते दोन वीणा काशीनाथतात्यांच्या गळ्यात, हे एकोणीस वर्षं ठरलेलं. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. एकाचा दोन तासांचा पहारा संपला, त्यानं उतरवली, की दुसऱ्यानं गळ्यात घ्यायची. मध्येच कोणी लघवीला गेला, तर अंघोळ केल्याशिवाय त्यानं तिला शिवायचं नाही, असा त्या देवळाचा नेम.

आणि सदुसष्टाव्या वर्षी तात्यांचं नेमकं इथंच अडलं होतं. पावसाळ्यापासून लघवीची धारच तुटली होती. चिकूच्या झाडाआड पाव पाव तास उभं राहावं, कुंथावं, तर चार थेंब, तेही पायावर. धोतर सावरून वळावं तर उरलेलं आपोआप गळायचं. म्हणून ते लंगोटात जुन्या लुगड्याचं फडकं कोंबत आणि विहिरीमागे जाऊन, तोंड फिरवून, स्वतःच धूत. उग्र, आंबूस वास. जन्मभर गोठा उपसला, त्याची कधी किळस वाटली नाही. आता स्वतःच्या अंगाची वाटत होती.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी ओलं फडकं मांडीला चिकटलेलं, गळ्यात वीणा, समोर शेंदराचा देव. शेजारी टाळ धरलेला चिमण नाक मुरडत म्हणाला, "तात्या, आढ्यात उंदीर मेला वाटतं."

तात्यांनी अभंगाचा सूर चढवला. असल्या घाणीत आपण देवापुढे उभे!

त्या संध्याकाळपासून त्यांनी पाणी तोडलं. घोटभर तीर्थ, बस्स. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून फडकं कोरडं ठणठणीत. तात्यांचे डोळे भरून आले. पावला रे बाबा मारुती, लाज राखली! ओटीपोट दगडासारखं लागत होतं, कळा येत होत्या. पण कोरडं होतं ना! ते हसत पहाऱ्याला उभे राहिले.

एक वाजेतो सदरा घामानं निथळला. दीडला गुडघे वाकले. कोसळतानाही वीणा दोन्ही हातांनी वर धरलेली.

"अहो, सोडा! घेतली मी!" चिमण ओरडला, तेव्हा कुठं हात सुटले.

बैलगाडीनं डहाणूला पोचेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तात्या गुरासारखे ओरडले. बायको नर्मदा उशाशी बसून वारा घालत होती. डॉक्टरांनी रबराची नळी घातली. तसराळं भरलं, दुसरं मागवावं लागलं. चहाच्या काढ्यासारखं काळपट, आणि वास असा की तात्यांना उमासे आले.

"काका, पाणी बंद करायला कोणी सांगितला तुम्हाला?" सगळं विचारून घेतल्यावर डॉक्टर गुजराती वळणानं म्हणाले. "थेंब थेंब गळत होता ना, तो आत भरलेल्या पिंपाचा सांडायचा. आज तोपण बंद झाला. मूत्राच्या पिशवीच्या तोंडाशी गाठ वाढते, म्हातारपणी पुष्कळांची वाढते. मुंबईला ऑपरेशन करावा लागेल."

म्हणजे ज्याला कृपा म्हटलं, ते हे! तात्यांनी डोळे मिटले.

"मला सांगायचं होतंत," नर्मदा म्हणाली. "चार महिने विहिरीमागे काय धुता ते मला कळत नव्हतं? नाक आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

तात्यांनी चादर ओढून नळी झाकली. मग तीच म्हणाली, "उद्या देवळात विचारतील. पोटात वायू धरला म्हणून सांगते."

"वायू नको. माझा पहारा चिमणला द्या म्हणावं. आणि लघवी तुंबली म्हणून सांग."

"शी! देवळात?"

"देवळातच. तिथं माझ्या वयाचे सहा जण उभे राहतात. त्यातला कोण कोण पाणी तोडून उभा असेल, देव जाणे. म्हणून दाखव."

"लघवी तुंबली," नर्मदा पदरात पुटपुटली.

"मोठ्यानं."

"लघवी तुंबली ह्यांची!" ती अशी कडाडली, की बाहेर बाकावरच्या चार म्हाताऱ्यांनी एकदम माना वळवल्या.