बोलका कम्प्युटर

"याचं तोंड बंद करा, नाहीतर मी फोडून टाकतो," म्हणत नवऱ्याने कीबोर्ड टेबलावर आपटला. दाबली गेलेली अक्षरंही कम्प्युटरने इमानेइतबारे वाचून दाखवली.

दुरुस्तीवाल्याला हसू आवरेना. पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचणारी ती विंडोजमधलीच सोय. तीन बटणं एकदम दाबली की बंद. एवढ्यासाठीही लोक दुकानातून माणूस बोलावतात, त्याला कोण काय करणार! पण या घरी तो याच कामासाठी पुन्हा आला होता, आणि तीन बटणं चुकून सारखी दाबली जात नाहीत.

बायको पाणी घेऊन आली. घरबसल्या टायपिंग करून घर तीच चालवायची. तिने पेला ठेवला तो टेबलाच्या कडेबाहेर. काच फुटली, पाठोपाठ थप्पड बसली. हात अंगावर येत असताना तिने मानसुद्धा चुकवली नाही.

दुरुस्तीवाल्याने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिचा एक डोळा काळानिळा होऊन मिटलेला, दुसरा त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होता. तिला दिसतच नव्हतं. नवऱ्याने मारून मारून तिचे डोळे घालवले होते आणि त्या मेल्याला त्याचा पत्ताही नव्हता. कळलं तर कमावती बायको त्याच्या लेखी ओझं होणार, मग तो तिला जिवंत ठेवणार नाही.

दुरुस्तीवाल्याने पिशवीतून इअरफोन काढून कम्प्युटरला लावला. आवाज थांबला. "झालं, साहेब." मग इअरफोन तिच्या हातात देत तो पुटपुटला, "ताई, आता तुम्हालाच ऐकू येईल."

नवऱ्याचे कान तिखट. त्याने वायर उपटली आणि तो आवाज पुन्हा खोलीभर झाला. त्याने बायकोचे केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. दुरुस्तीवाला मध्ये पडला, तसा कीबोर्ड त्याच्या कपाळावर फुटला. बटणं उडाली, रक्त ओघळलं.

"अरे राक्षसा, तिला दिसत नाही," तो ओरडला. "तूच घालवलेस तिचे डोळे."

नवऱ्याचा हात हवेतच राहिला. कम्प्युटर आपला वाचतच होता.

बायको खाली बसून जमीन चाचपू लागली. काच लागली तरी थांबली नाही. बारीक उंचवटा असलेलं एक बटण सापडलं. त्याच उंचवट्यावरून तिची बोटं आपली जागा शोधायची. ते मुठीत घेऊन ती उठली आणि तिने दुरुस्तीवाल्याची बाही धरली.

"दादा, मला दारापर्यंत सोडा. पुढचा रस्ता मी विचारत जाईन."

नवरा वाटेतच उभा होता. तो बाजूला झाला की नाही, हे तिला दिसणार नव्हतं. ती चालू लागली.