पॉइंट बावन्न

राजेश्वरीबाईंनी एकोणचाळिसावी उत्तरपत्रिका पालथी घातली आणि समोरची बशी हातभर लांब सरकवली. बशीतला बटाटेवडा गार होऊन तेल सोडत होता. शेजारी चिक्कीचा खोका. परीक्षक बाई लोणावळ्याहून येणार, तर त्यांना लोणावळ्याचीच चिक्की द्यायची, हे फक्त इथल्या फिजिक्सच्या सत्यम सरांनाच सुचू जाणे.

तळेगावातल्या या कॉलेजात बारावीची फिजिक्सची प्रॅक्टिकल चालली होती. प्रयोग अगदीच साधा, ओहमचा नियम. व्होल्टेज वाढवत न्यायचं, ॲमीटरवर करंट किती दिसतो ते टिपायचं आणि ग्राफ काढायचा. परीक्षेला पोरं चाळीस. त्यातली एकोणचाळीस कॉलेजात नावापुरती, वर्षभर मुक्काम पुण्याच्या क्लासमध्ये. सकाळी एकानं ॲमीटर हातात घेऊन विचारलं होतं, हा चार्ज कुठून करायचा. आणि त्याच्यासकट सगळ्यांचे ग्राफ मात्र शून्यातून निघालेले, सरळ. आकडेसुद्धा तेच. पॉइंट दहा, वीस, तीस, चाळीस, बावन्न.

"किळस येते हो सर," त्या म्हणाल्या. "उतरवायचं तर निदान शेवटचा आकडा तरी बदलावा माणसानं."

"सगळीकडं हेच चालतं, मॅडम," सत्यम सर हसले. "तुम्ही तर इथल्याच विद्यार्थिनी. आपलंच कॉलेज. घोळ आहे तो या एकाच पेपरात."

तो पेपर रुमाईसाचा होता. रोज कॉलेजला येणारी ती एकटीच. तिचा ग्राफ शून्यातून जात नव्हता. सरांनी गुणांच्या यादीत पेन्सिलीनं तीसपैकी सहा मांडून ठेवले होते. बाईंनी तिला बोलावलं.

"ग्राफ शून्यातून का गेला नाही गं?"

"करंट बंद होता तरी काटा दोन घरं पुढं होता, मॅडम. जे दिसलं ते लिहिलं. खाली टीप पण लिहिलीय."

"आधी काटा बघायचं कुणी शिकवलं?"

"अब्बांनी. त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे." मुलीची नजर यादीवर गेली. "मॅडम, सहा मार्कांवर माझं इंजिनिअरिंग जाईल."

बाई उठल्या. लॅबमध्ये चालता ॲमीटर एकच, पोरं पाळीपाळीनं त्याच्यावरच बसली होती. त्यांनी वायरी सोडवल्या, काचेवर टिचकी मारली. काटा दोन घरं पुढं, ढिम्म. म्हणजे या यंत्रावर शून्यातून जाणारा ग्राफ येणंच शक्य नव्हतं. चाळिसात एकच पोर खरं लिहून गेली होती आणि तिलाच सहा. बाईंच्या अंगाची लाही झाली. त्यांनी सहा खोडले, पेनानं एकोणतीस लिहिले, मुलीला घरी पाठवलं आणि बोर्डाकडं पाठवायचा अहवालाचा कागद पुढं ओढला.

"हे आकडे आले कुठून, तेवढं मला दाखवा."

लॅबचा शिपाई भिमाजी कपाटातून एक तपकिरी वही घेऊन आला. फडक्यानं पुसून त्यानं ती अदबीनं टेबलावर ठेवली.

"ह्ये मॉडेल जर्नल, बाई. दरसाल पोरास्नी म्याच देतो. माज्या आदीची कुनी पोरगी व्हती म्हनं, लय हुशार. नाव न्हाई ठाव, पयलं पान फाटलंय."

बाईंनी वही उघडली. निळ्या शाईतलं टपोरं अक्षर. चाळीसच्या खाली बावन्न.

त्यांचं बोट त्या आकड्यावर थांबलं. हिशेबानं तिथं पन्नास हवं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी कामशेतची गाडी चुकू नये म्हणून त्या पोरीनं ॲमीटर जोडलाच नव्हता. V ला R नं भागून सगळे आकडे मांडले, आणि कुणाला संशय नको म्हणून शेवटच्या पन्नासचे बावन्न केले. तेव्हाच्या सरांनी ती वही वर्गात फिरवली होती. प्रामाणिक रीडिंग कसं असतं ते बघा, म्हणाले होते.

सकाळपासून पोरांची येत होती ती किळस आता बाईंना स्वतःचीच आली. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"जाऊ द्या ना मॅडम," सत्यम सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "कशाला तो अहवाल? वही कुणाची तेसुद्धा कुणाला माहीत नाही."

 नक्कल कशावरून केली, त्या रकान्यात बाईंनी सावकाश एक नाव लिहिलं. वर्ष लिहिलं. हजेरी क्रमांकही लिहिला, आठवावा न लागता.

सरांनी वाकून वाचलं. "राजेश्वरी वाळुंज? ही कोण?"

"माझं माहेरचं नाव," बाई म्हणाल्या आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. "इथं खाली सही करा. तुमचीही लागते."