कवळीतला उंचवटा

मास्तर कवळ्या बनवत. त्यांची कवळी बसवली की बोळक्या तोंडाचा नवराही बायकोशी नव्या दमानं भांडायला लागतो, असं गल्लीत म्हणत.

एका सकाळी खुर्चीत एक म्हातारा येऊन बसला. माप घ्यायला मास्तरांनी त्याच्या तोंडात बोटं घातली, चेहरा नीट पाहिला आणि ओळख पटली. हा तोच कारखानदार! माल चोरीला जाऊ नये म्हणून यानं कारखान्याच्या मागच्या दाराला कुलूप घातलं होतं. आग लागली तेव्हा तिथे कामाला असलेला मास्तरांचा थोरला भाऊ त्याच दारापाशी गुदमरून गेला. कारखानदार शिक्षा भोगून सुटला. भाऊ काही परत आला नाही.

मास्तरांनी माप पुरतं घेतलं. मात्र कवळी करताना डावीकडे मुद्दाम केसभर उंचवटा ठेवला. घासागणिक टोचेल, एवढाच.

आठवड्यानं म्हातारा परतला. हिरडी लालभडक. "तुमचं काम चोख हो. माझंच तोंड वाईट," तो म्हणाला.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या या," कसंबसं म्हणत त्यांनी कवळी ठेवून घेतली.

घरी त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. ती दर रविवारी चर्चमध्ये त्या माणसासाठी प्रार्थना करायची, आणि मास्तर त्यावरून धुमसत राहायचे.

"वहिनी, तुम्हाला जमलं तरी कसं?"

"जमलं कुठे, भावोजी? रोज सकाळी नव्यानं माफ करते. कधी दुपारपर्यंतच टिकतं. पण येशूनं खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा त्याच्या जखमा कुठे सुकल्या होत्या? तुम्ही कशासाठी थांबलात?"

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हाताऱ्यासमोर उभे राहिले. "कवळी मी मुद्दाम बिघडवली. त्या दारापाशी गेला, त्याचा मी धाकटा भाऊ."

"ठाऊक आहे. तोंडावळा त्याचाच आहे. माफी मागायलाच आलो होतो, पण तोंड उघडलं ते मापापुरतंच." मास्तरांना हसू फुटलं. म्हातारा मात्र रडू लागला. "किल्ली माझ्याच खिशात होती हो, मास्तर."

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "केलं माफ. देवासमोर सांगतो. आता तुम्ही मला करा."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. मास्तरांनी उंचवटा घासून काढला, कवळी बसवून पाहिली, पुन्हा घासली. "आता?"

"आता नाही टोचत."

म्हातारा गेल्यावर मास्तरांनी भरदुपारी दुकान बंद केलं. वहिनीनं दार उघडलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता ताट वाढलं. मास्तर दोनदा मागून जेवले.