फक्त सकाळी गळणारा पाईप

मी एक रबरी पाईप बोलतोय. ट्रकच्या रेडिएटरखालचा. काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या. अंगावर छापलेला एक नंबर एवढंच माझं शिक्षण, आणि तोही आता पुसला गेलाय. भारी शब्द मला येत नाहीत. पाहिलं तेवढं सांगतो.

माझा जन्म साच्यातला. काळं गरम रबर, मध्ये सुताचं जाळं, आणि कोपरात वाकवलेल्या हातासारखा आकार. दुकानात खिळ्याला बरेच दिवस लटकलो आणि मग या ट्रकला लागलो. रेडिएटरमध्ये निवलेलं पाणी इंजिनाकडे न्यायचं, हे माझं काम. दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या क्लिपा होत्या. मी तापलो की फुगायचो, निवलो की आक्रसायचो. क्लिपाही माझ्याबरोबर सैल व्हायच्या, घट्ट व्हायच्या. आमचं बरं जमलं होतं.

ट्रकच्या मालकांना सगळे बाबा म्हणत. वखारीतून लाकडी फळ्या भरायच्या आणि सुतारांकडे पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. चढ आला की ते गाडीशी बोलायचे, "चल गं बाई, एवढा एकच." मी ऐकलेला प्रत्येक चढ "एवढा एकच" होता.

भाडी ठरवायचं काम त्यांचा मुलगा बघायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी त्याने गाडी धुतली, पुसली, आणि माझी एक क्लिप गंजलेली पाहून काढून टाकली. तिच्या जागी स्क्रूची चकचकीत पट्टी बसवली.

"गाडी म्हातारी झाली, निदान दागिने तरी नवे असू देत," तो म्हणाला आणि अंगातला सगळा जोर लावून पट्टी आवळली. त्याच्या मनात चांगलंच होतं.

गरमीचे दिवस सुरळीत गेले. मग थंडी पडली. पहाटे मी आक्रसलो, पण पट्टी जिथल्या तिथे राहिली. आमच्यात केसाएवढी फट पडली आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी जाऊ लागलं. सकाळी खालच्या कोब्यावर ताटाएवढी ओल होती.

बाबा त्या दिवशी खाली न बघताच निघाले. चढावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला, गाडी उभी राहिली, माल उशिरा पोचला.

"रेडिएटरचं टोपण लावलं होतंत ना?" मुलाने विचारलं.

"लावलं होतं."

"नक्की?"

बाबांनी बॉनेट उघडून टोपण पुन्हा चाचपलं. कारण मागे एकदा टोपण खरंच राहिलं होतं.

गाडी मिस्त्रीकडे गेली. या मिस्त्रीला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकायचा. आम्ही पोचलो तोवर इंजिन तापलं होतं. मी फुगून पट्टीला घट्ट चिकटलो होतो. डॉक्टरने सगळीकडे हात फिरवला. मी कोरडा ठणठणीत.

"पेशंटला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "नातेवाइकांनाच विश्रांती द्या."

सगळे हसले. बाबाही हसले.

घरी गाडी लावल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, रागावू नका. पण आता एकदा जरी गाडी तापली, तर चावी माझ्याकडे द्यायची. मी ड्रायव्हर ठेवतो."

बाबांनी मान हलवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. पण चोराला तोंड नव्हतं.

तेव्हापासून बाबा सगळ्यांच्या आधी उठून बादली आणि फडकं घेऊन यायचे. आधी ओल पुसायची, मग रेडिएटर भरायचा. "काल ओतताना सांडलं असेल," ते पुटपुटायचे. "हात थरथरतो हल्ली." पुसणारा तो हात मला वरून रोज दिसायचा. तो थरथरत नव्हता.

एका सकाळी सूनबाई कपडे वाळत घालायला लवकर बाहेर आली. बाबांनी फडकं पाठीमागे लपवलं.

"काय हो ते, बाबा?"

"काही नाही गं. पाणी सांडलं जरासं. नळाचं."

तिने फडकं घेतलं आणि पिळलं. "आपल्या नळाला हिरवं पाणी कधीपासून यायला लागलं?"

रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेलं कूलंट हिरवं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. स्वतःवरच संशय बसला की माणूस फडक्याचा रंगही बघत नाही.

"आणि बादली तर भरलेलीच आहे. अजून ओतलंच नाही, मग सांडलं काय? बाबा, हे आतून गळतंय. गाडी सुरू करू नका." मग घराकडे तोंड करून, "अहो, उठा! त्या डॉक्टरांना इकडेच बोलवा, गाडी थंड आहे तोवर!"

मुलगा दात घासत बाहेर आला. थोड्या वेळाने डॉक्टर आला, पुठ्ठा टाकून खाली सरकला आणि बॅटरी मारली. त्याचं बोट माझ्यापाशी थांबलं. बोटावर एक थेंब पडला.

"च्यायला," तो म्हणाला. "मी पेशंट तापलेला असताना तपासला. हा तर थंडीत रडतोय. पट्टी कुणी बसवली?"

मुलाने तोंडातला ब्रश काढला. "मी."

"गळा दाबलास की रे त्याचा! रबर कापलंय. अरे, स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर आवळत जाते. ही कुठून आवळणार?"

मुलगा बाबांकडे वळला. "रोज पुसत होतात? मग सांगितलं का नाही?"

"मलाच वाटलं, माझंच चुकतंय," बाबा म्हणाले.

डॉक्टरने पट्टी सोडवून खाली ठेवली. मुलाने ती उचलली आणि कचऱ्यात टाकली.

माझ्या जागी नवा पाईप बसला, दोन्हीकडे स्प्रिंगच्या क्लिपा लागल्या. मी भंगारात जाणार होतो, पण बाबांनी मला उभा चिरला आणि फळ्या बांधायचा दोर ट्रकच्या ज्या कडेवर घासला जातो, तिच्यावर बसवला. आता मी तिथेच असतो. इतकी वर्षं गाडीत काढली, पण रस्ता आत्ता कुठे दिसतोय. ऊन लागतं, धूळ बसते, तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: कुणी म्हणालं की गळतंय, आणि तुम्हाला दिसलं नाही, तर गाडी थंड असताना एकदा वाकून बघा.

नवा पाईप बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बादली आली नाही. गाडीखालचा पुठ्ठा कोरडा होता. ऊन टायरपर्यंत आलं. "उठवू का त्यांना? वखारीतून दोनदा फोन आला," मुलगा म्हणाला. "झोपू द्या हो," सूनबाई म्हणाली. बऱ्याच वेळाने बाबा डोळे चोळत बाहेर आले, गाडीखाली न वाकता वर चढले आणि चावी फिरवली.