टेबलाचा नवा वाटेकरी

नवा लॅपटॉप आला की आईला कापड बेतायला माझं अख्खं टेबल मिळणार होतं, लेकीला न अडकणारा खेळ मिळणार होता, आणि मला भंगारवाला. मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. दोघींचा नफा माझ्याच अंगावर निघणार असेल, तर मला आनंद कसा व्हावा, सांगा बरं?

एका कारागिराने सुटे भाग जोडून मला उभा केला. सुरुवातीला माझे फार लाड झाले. आईने मला फुलाफुलांचं झाकण शिवलं. पाहुण्यांना आधी मी दाखवला जायचो, मग पाणी विचारलं जायचं. पुढे लेक मोठी झाली, तसे तिचे खेळही मोठे झाले. शर्यतीत तिची गाडी वळणावर यायची आणि मी धापा टाकत थांबायचो. मैत्रिणी पुढे निघून जायच्या. त्या तिला शर्यतीत घेईनाशा झाल्या, आणि माझं झाकण फरशी पुसायला गेलं.

आई शिवणकाम करते. लॅपटॉप निवडताना तिने तो कापडासारखाच पारखला. हातावर तोलला, कडेवरून बोट फिरवलं, किती तलम आहे ते पाहिलं. आत काय आहे, हे कोणी विचारलंच नाही. तो घरी आला आणि माझी रवानगी टेबलाखाली झाली. दिसायला देखणा होता, हे मी मान्य करतो, पण दातओठ खाऊन.

पहिल्याच मोठ्या शर्यतीत साहेब तापले आणि गाडी वळणावर रुतली. मला खाली गुदगुल्या होत होत्या. लेक मात्र रडकुंडीला आली. तिने दुकानदाराला फोन केला. याच्यातलं खेळाची चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड कायमचं बसवलेलं आहे, बदलता येणार नाही, असं त्याने सांगितलं.

आईने कपाळाला हात लावला. "वाढत्या पोरींच्या फ्रॉकला मी आत जास्तीचं कापड सोडते गं. आणि हा मेला अगदी अंगाबरोबर घेऊन आले."

लेकीने खाली वाकून माझ्या पेटीचा बाजूचा पत्रा काढला. धुळीने तिला शिंक आली.

"आई, याच्यात जागा आहे. नवं कार्ड बसेल."

आईने टेबलावर पसरलेल्या कापडाकडे एकदा पाहिलं आणि ते गोळा केलं. "मग घे त्याला वर. माझं मी बघते."

कार्ड बसलं. आता वळणावर मला दम लागत नाही, मैत्रिणीही परत आल्या. पण तो लॅपटॉप काही गेला नाही. आई त्याला मांडीवर घेऊन गळ्यांचे नमुने बघते. मला आजवर कोणी मांडीवर घेतलेलं नाही. जळतो मी, अजून जळतो.

म्हणून सांगतो मित्रांनो, खेळणाऱ्या पोरासाठी कॉम्प्युटर घेताना रूपावर भाळू नका, आत वाढायला जागा आहे का ते बघा. आणि घरातल्या जुन्याला हाकलण्याआधी त्याची धूळ झटकून एकदा उघडून तर पाहा.

राहिला हिशेब. लेकीला शर्यत मिळाली, मला टेबल, लॅपटॉपला मांडी. आई फरशीवर कापड पसरून गुडघ्यांवर बसून बेतते, आणि उठताना माझ्या टेबलाची कड धरते.