पाठीवर नाव वाहणारा घोडा

मित्रांनो, मी एक जुना पितळी घोडा आहे. अंगठ्याच्या नखाएवढा, पण घोडा! चौकातल्या घोड्यांच्या पाठीवर स्वार असतो, माझ्या पाठीवर देवाचे नाव आहे. जैन तीर्थंकरांच्या मूर्ती दिसायला सारख्याच. त्या ओळखायच्या आसनावरच्या चिन्हावरून. बैल असला तर आदिनाथ, हरीण असले तर शांतिनाथ आणि घोडा असला तर संभवनाथ.

राजारामपुरीतल्या बापूसोंच्या देव्हाऱ्यातल्या अशाच एका मूर्तीच्या आसनावर मी त्यांच्या आजोबांपासून आहे. तेव्हा माझी आयाळ कशी झोकात होती! पण बापूसोंच्या पत्नी, आक्का, स्वच्छतेच्या फार कडक. रोज चिंच लावून मला असे घासत, की आधी डोळा गेला, मग शेपूट गेली, आयाळही पुसट झाली. पुढे घरात मला हरीण म्हणू लागले. मला, घोड्याला! राग गिळून उभा राहिलो.

परवा हुपरीहून चांदीचे कारागीर अरिहंत आले. आसनाला चांदीचा पत्रा चढवायचा होता. मी त्याखाली कायमचा झाकला जाणार होतो.

“वर चिन्ह कुठलं कोरू?” त्यांनी विचारले.

“हरीण की! आमचं शांतिनाथ हाईत,” बापूसो म्हणाले.

“मी रोज घासतोय, मला म्हाईत न्हाय व्हय?” आक्कांनी दुजोरा दिला.

माझा जीव टांगणीला लागला.

बापूसोंची सून त्रिशला शाळेत चित्रकला शिकवते. मुले नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसा कोरायला नमुना मिळावा म्हणून तिने माझ्यावर कागद धरला. पेन्सिल फिरली आणि कागदावर मान उमटली, मानेवर आयाळ उमटली. शिंगांचा पत्ता नाही.

“मामा, हरणाला कुठं आयाळ असती?” तिने सासऱ्यांना विचारले.

बापूसोंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “म्हंजे हे संभवनाथ! इतकी वर्सं दुसऱ्याच नावानं हाक मारली की ओ!”

आक्का अरिहंतांना म्हणाल्या, “पत्र्याला खिडकी ठिवा. नवा घोडा नको, ह्योच दिसू दे.”

आता त्या मला ओल्या मऊ फडक्याने नुसते टिपतात. मित्रांनो, जुनी वस्तू जरूर स्वच्छ करा, पण तिची ओळख शिल्लक राहील एवढ्याच हाताने.

त्या संध्याकाळी आरतीत आक्कांनी पहिल्यांदा संभवनाथांचे नाव घेतले. ते नाव पाठीवर घेऊन मी केव्हाचा उभाच होतो.