गाडी माझ्यामुळे हळू होत होती

मित्रांनो, मी रेल्वेचा पूल आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या दगडांतून पिंपळ उगवलाय, तो पाहिलात की तुम्हालाच कळेल. मला तोडायला माणसं आली आहेत. लोखंड कापायच्या गॅसच्या नळकांड्या काठावर उतरल्या आहेत. म्हणून मी जरा घाईने बोलतो, रागावू नका. मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. एवढी वर्षं उभा राहिलो, आता पडायला माझी ना नाही. मागायचं आहे ते चांगुणासाठी.

माझा जन्म निजामाच्या राज्यातला. नांदेडहून हिमायतनगरला येताना एक नदी आडवी येते. उन्हाळ्यात शेळीसुद्धा कोरड्या पायाने ओलांडील अशी, आणि भादव्यात बैलगाडी गिळून टाकील अशी. तिच्यात माझे खांब उभे केले. काळा दगड फोडला, घडवला, चुन्यात बसवला. पहिली गाडी माझ्यावरून गेली तेव्हा काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगतो, मी फुगून गेलो. पुढे छोटी लाइन जाऊन मोठी लाइन आली. वरचे लोखंडी गर्डर नवे टाकले, पण खांब माझेच ठेवले. तपासायला आलेल्या एका साहेबाने माझ्या दगडावर थाप मारली आणि म्हणाला, "अजून खणखणीत आहे म्हातारा!" तेवढ्या शब्दांवर मी कितीतरी वर्षं काढली.

मग एका पुराने घात केला. वाहत आलेलं झाड मधल्या खांबावर आदळलं आणि तो खांब फुटला. वरून खालपर्यंत भेग गेली. सिमेंट भरलं, लोखंडी पट्टे आवळले, पण फुटलं ते फुटलंच. तेव्हा हुकूम निघाला की या पुलावरून गाडी माणसाच्या चालीने न्यायची. काठावर तशी पाटी लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावरून गाड्या धडधडत जायच्या, त्याच्यावरून आता चोरपावलांनी जाऊ लागल्या.

पण मित्रांनो, माझ्या दुखण्याचा फायदा भलत्यालाच झाला. माझ्या टोकाला एक वस्ती आहे. हिमायतनगरचं स्टेशन तिथून दूर. ऑटोवाला पक्क्या सडकेवर सोडून देतो, पुढे काळ्या मातीचा चिखल तुडवत यावं लागतं. गाडी माझ्यावर हळू होऊ लागली तशी वस्तीतली माणसं माझ्या टोकाशीच उतरू लागली. आधी तरणी पोरं उतरली, मग दह्याच्या बरण्या घेतलेल्या बाया, मग म्हातारे. हे धोक्याचं होतं. तुम्ही कधी असं करू नका. पण त्यांना दुसरी वाट कुठे होती?

आणि हळूहळू वस्तीने मनाशी एक गोष्ट पक्की धरली. ड्रायव्हर आपल्यासाठीच गाडी हळू करतो! कुणी सांगितलं, कधी सांगितलं, देव जाणे. पण पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तेच बोलायचे. "आमची कदर हाय त्यायला," असं पाहुण्यांना सांगायचे.

साहेबराव या वस्तीतलाच. तो रेल्वेत कीमन आहे. म्हणजे रोज रुळावरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या ढिल्या किल्ल्या ठोकायच्या, काही बिघडलेलं दिसलं तर लाल झेंडी दाखवून गाडी थांबवायची. त्याला खरं कारण ठाऊक होतं. बायकोला, चांगुणाला, त्याने शंभरदा सांगितलं, "आगं, पूल बिमार हाय म्हून हळू होते गाडी." ती हसायची. म्हणायची, "तुम्ही पाहता रुळाकडं. मी पाहते ड्रायव्हरच्या तोंडाकडं. मला कळत न्हाई व्हय?"

पुढे चांगुणाची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा नांदेडच्या दवाखान्यात जायचं, यंत्राला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन परत यायचं. एक वार चुकला की पाय सुजतात, दोन चुकले की श्वास कोंडतो. सकाळी दुधाची जीप तिला स्टेशनवर सोडायची. दुपारी यायच्या वेळी मात्र जीप नसायची, आणि यंत्रावरून उठलेल्या माणसात चिखल तुडवायचं बळ नसतं. शेजारची नीलाबाई नांदेडला दही विकून त्याच गाडीने परतायची, ती तिला धरून डब्याच्या दारात आणायची. खाली साहेबराव दोन्ही हात वर करून उभा असायचा. मी माझं अंग आवळून धरायचो. तिचा पाय जमिनीला लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

मग माझ्या शेजारी नवा पूल उभा राहू लागला. मोठमोठी यंत्रं आली, जमीन हादरली, माझी भेग ठणकू लागली. हेवा वाटला का? वाटला हो, खोटं कशाला बोलू! पण नवा पोरगा देखणा होता. त्या कामावर श्रद्धा नावाच्या इंजिनिअर मॅडम होत्या. नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकलेल्या, डोक्यावर पिवळी टोपी, बोलायला मोकळ्या. त्यांनी एके दुपारी चांगुणाला उतरताना पाहिलं आणि धावतच आल्या.

"मावशी, नवा पूल झाला की गाडी इथे हळू होणार नाही. तुम्ही सगळे मिळून आत्ताच इथे गाडीला थांबा मागा. वर्ष-दोन वर्षं लागतात मंजूर व्हायला."

"कशाला मागायचं, माय?" चांगुणा म्हणाली. "गाडी आमच्यासाठी हळू होऊनच राहिली की. असलेलं मागितलं तर लोक हासतील."

"मॅडम, सांगा की तिला, गाडी माझ्या भेगेमुळे हळू होते!" मी ओरडत होतो. पण पुलाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? माझ्या गर्डरचं कुरकुरणं तेवढं झालं, आणि श्रद्धा मॅडमनी वर पाहून माझ्या नावाने सुस्कारा टाकला. साहेबरावने घरोघर जाऊन विनवलं. एकही माणूस थांब्याच्या अर्जावर सही करायला तयार झाला नाही.

अखेर गाड्या नव्या पुलावर गेल्या. आणि काय सांगू, तिथेही गाडी हळूच आली! नवं बांधकाम नीट बसेपर्यंत आधी हळू चालवतात, मग वेग वाढवतात. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच. पण वस्तीत आनंदीआनंद झाला. "पूल बदलला, पण माणसं तीच हाईत," नीलाबाई हात नाचवत म्हणाली. साहेबरावला कुणी बोलूच देईना.

ज्या दिवशी वेगाचा हुकूम आला तो चांगुणाच्या दवाखान्याचा वार होता. साहेबरावला हुकूम कळला तेव्हा ती परतीच्या गाडीत बसली होती. त्याने फोन लावला. उचलला नीलाबाईने. गाडीच्या खडखडाटात त्याला एवढंच ऐकू आलं, "भावजी, फिकीर करू नका, आम्ही रोजच्याच जागी उतरतो!" आणि फोन कटला. पुन्हा लागेना.

त्याने लाल झेंडी उचलली आणि रूळ गाठला. बाभळीच्या वळणावर गाडी दिसली. काय वेग तो! माझ्यावरून अशी गाडी गेली होती ती माझ्या भर उमेदीत. दारात माणसं दिसत होती. पुढे दह्याची बरणी, तिच्यामागे चांगुणाचं निळं लुगडं. मित्रांनो, त्या क्षणी मी देवाकडे दुसरा पूर मागितला. मला वाटलं, मी कोसळावं, धूळ उडावी, काहीतरी व्हावं आणि ती गाडी थांबावी. पण मी कोसळलो नाही. निजामाच्या काळातला चुना माझा वैरी झाला.

साहेबराव मात्र धावला. लाल झेंडी दोन्ही हातांनी हलवत रुळांमधून गाडीच्या अंगावर धावत गेला. ब्रेक किंचाळले. इंजिन त्याच्या पुढ्यात येऊन थांबलं.

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. "काय झालं? रूळ तुटला का?"

साहेबराव धापा टाकत होता. हो म्हणाला असता तर निभावलं असतं. मला वाटलं, म्हण रे बाबा, एवढ्या वेळेला म्हण.

"न्हाई, साहेब," तो म्हणाला. "रूळ ठीक हाय. माणसं उतरणार होती. माही बायको दारात हाय."

वस्तीची सगळी माणसं खाली उतरली. चांगुणाही उतरली. ती गाडीच्या कडेकडेने चालत पुढे आली, आणि ड्रायव्हर आपल्या नवऱ्याला काय काय बोलतोय ते तिने उभं राहून सगळं ऐकलं. वेगाचा हुकूम ऐकला. जुना पूल फुटका होता म्हणून गाड्या हळू जायच्या, हे ड्रायव्हरच्या तोंडून ऐकलं. विनाकारण गाडी थांबवली, आता नोकरीवरून घरी बसशील, हेही ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी साहेबरावला कामावरून घरी बसवलं. चौकशी होईल म्हणतात. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते त्याचे.

त्यानंतरच्या दवाखान्याच्या वाराला, म्हणजे आज सकाळी, दुधाची जीप आली आणि हॉर्न वाजवून वाजवून थकली. चांगुणा माझ्याच खांबाला टेकून बसली होती.

"ऊठ ना," साहेबराव म्हणाला. "मी आता रिकामाच हाय. सडकेपासून पाठीवर घिऊन यीन."

"त्या चिखलातून? तुमचे गुडघे पाहा आधी. माझ्यापायी नोकरी गेली, आता पायही घालवा." तिने पदर तोंडाला लावला. "न्हाई जात मी. तुम्ही शंभर डाव सांगितलं, मी ऐकलं न्हाई. आता मलाच भोगू द्या."

"चांगुणे, असं नको करू गं." तो म्हातारा माणूस लेकरासारखा रडत होता.

जीप निघून गेली. थोड्या वेळाने नव्या पुलावरून नांदेडची गाडी धडधडत आली आणि गेलीही. चांगुणाने वर पाहिलंसुद्धा नाही.

मित्रांनो, तुम्ही शिकता, लिहिता, मोठ्यांच्या कानाशी असता. जिथे सांगायचं तिथे सांगा. मला वाचवा म्हणून नका सांगू, मला खुशाल कापा. एवढंच विचारा की माझा दगड फुटला तेव्हा वर्षानुवर्षं प्रत्येक गाडी हळू केलीत, मग एका जित्या बाईसाठी एक गाडी मिनिटभर थांबवता येत नाही का? पण लवकर विचारा. आज तिचा वार होता आणि ती गेलेली नाही. तिचे पाय सुजायला लागले आहेत.